आदर्श हृदयाचा मालक

आमच्या संस्थेत माणसाचं हृदय कॉम्प्युटरवर चालतं. नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं होतं, आत पांढरे कोट घातलेले डॉक्टर असतील, औषधांचा वास येत असेल. कसलं काय! आत नुसत्या खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक खुर्चीत एक पोरगा नाहीतर पोरगी स्क्रीनला नाक लावून बसलेली, आणि वास येत होता तो कालच्या न धुतलेल्या डब्यांचा. यांच्यातल्या निम्म्यांना स्वतःचं बोट कापलं तरी चक्कर येते. पण आकड्यांचं हृदय यांच्या ताब्यात द्या, मग बघा. सकाळी त्याला झटका देतील, दुपारी औषध देतील, चहाच्या आधी मारून टाकतील आणि चहा पिऊन आले की परत चालू करतील. खऱ्या माणसावर करायचे प्रयोग आधी या आकड्यांच्या हृदयावर करून बघायचे, असा सगळा उद्योग आहे. उद्योग चांगलाच आहे, मी कशाला नाही म्हणू? उद्योग करणाऱ्यांकडे बघून मात्र कधीकधी धीर सुटतो.

मी इथल्या ऑफिसात बसते. मला सगळे ताई म्हणतात, माझ्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. माझ्याकडचं सगळ्यात मानाचं काम म्हणजे दरवर्षी निघणारी जाहिरात. 'हृदयाच्या संगणकीय प्रतिरूपणात डॉक्टरेटसाठी संशोधनाच्या संधी.' मजकूर आमचे सर देतात. सर म्हणजे संस्थेचे प्रमुख. त्यात स्वतंत्र विचारांचा उमेदवार हवा असं दरवर्षी असतं, आणि असा उमेदवार चुकून आलाच तर पहिल्याच महिन्यात सर त्याचे पंख छाटतात. जाहिरातीच्या तळाशी चार ओळी साध्या भाषेत लागतात. पैसे देणाऱ्यांचा तसा नियम आहे, म्हणजे सामान्य माणसालाही कळावं की आपला पैसा कुठे चाललाय. आता इथल्या एकाही विद्वानाला चार ओळी साध्या लिहिता येत नाहीत. म्हणून ते काम माझ्याकडे आणि दादाकडे आलं.

आमची पद्धत ठरलेली. सरांचा मजकूर घेऊन मी दादाच्या टेबलाशी स्टूल ओढून बसायचं आणि एकेका शब्दावर बोट ठेवून विचारायचं, म्हणजे काय? तो सांगणार. मी परत विचारणार, म्हणजे काय? असं करत करत तो जमिनीवर उतरला की मी लिहून घ्यायचं. ते सर कधी वाचत नाहीत. साध्या भाषेतलं काही वाचणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

आता हा दादा कोण, ते सांगते. आमच्या संस्थेचे कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस. वेबसाइट त्याच्याकडे, प्रिंटर त्याच्याकडे, कुणाचं काही बंद पडलं की दादा. पण हा आला होता डॉक्टरेट करायला, बरं का. मी लागले त्याच वर्षी. अंगाने किरकोळ, शर्टाची बाही कायम एक वर एक खाली, आणि कुणी काही मागितलं की नाही म्हणायची जीभच देवाने दिली नव्हती. याचे वडील ऐन उमेदीत गेले. बंद पडलेली स्कूटर ढकलत होते, ढकलता ढकलता खाली बसले ते उठलेच नाहीत. उन्हाने झालं म्हणाले लोक. तेव्हापासून याच्या डोक्यात हृदय बसलं होतं. म्हणून इतकी चांगली गणिताची डिग्री घेऊन हा इथे आला.

तेव्हा सरांना एक निरोगी हृदय हवं होतं. आधी जित्याजागत्या माणसाचे एमआरआय मशीनमध्ये फोटो काढायचे, एकाखाली एक पातळ चकत्यांसारखे, मग त्या चकत्या जोडून कॉम्प्युटरवर हृदयाची जाळी विणायची आणि ती धडधडवायची. त्या मशीनमध्ये तासभर न हलता पडून राहायला कोण तयार होणार? सगळ्यांनी कानावर हात ठेवले. दादा जाऊन झोपला. त्याच्या हृदयाची जाळी त्यानेच विणली. सरांनी तिचं बारसं केलं, 'आदर्श'. नियमाप्रमाणे माणसाचं नाव कुठेही ठेवायचं नसतं, म्हणून फाइलवर फक्त 'आदर्श'. नाव नसलं तरी झाडूवाल्यालाही माहीत होतं की आदर्श म्हणजे दादा.

त्या आदर्शवर मग किती जणांनी हात धुऊन घेतले! कुणी त्याला औषधं दिली, कुणी त्याच्यात वीज सोडली, कुणी त्याला म्हातारं करून बघितलं. ज्याने जे केलं त्यावर तो डॉक्टर झाला, आणि टोपी घालून फोटो काढून निघून गेला. जगभरच्या लोकांनी आदर्श मागवून घेतला. आपली रोगी हृदयं ते आदर्शशी ताडून बघायचे. आणि दादाचा प्रबंध? तो 'पुढच्या वर्षी'. जाळी सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे सर दरवर्षी एक नवं प्रकरण सुचवायचे. एवढं केलंस की झालंच. शेवटी मुदत संपली, आणि सरांनी मोठ्या मनाने त्याला कॉम्प्युटर सांभाळायला ठेवून घेतलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. हा उलट मलाच समजावत बसला की ताई, काम तर तेच आहे ना.

घरी याहून मजा. लग्न ठरलं तेव्हा डॉक्टरेट आलीच म्हणून सासऱ्यांनी पत्रिकेवर नावापुढे 'डॉ.' छापून टाकलं. आता छापलेलं परत कसं घेणार? त्यामुळे सासुरवाडीत हा आजतागायत डॉक्टरच. बिल्डिंगमधली माणसं खोकला झाला की याच्या दारात. एकदा खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी आपल्या गुडघ्याचा एक्स-रे आणून दाखवला. याने तोही उजेडात धरून बघितला, त्यांचं मन मोडवेना म्हणून. बायको पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते, चार पैसे जास्तच कमावते, आणि नवऱ्याची थट्टा करायची एक संधी सोडत नाही. एक मुलगी आहे, शाळेत जाते, बापासारखीच लुकडी.

संस्थेची दरवर्षी एक दौड असते. हृदयासाठी धावा. हृदयाचं काम करणारे लोक खुर्चीतून उठतात तो वर्षातला एकच दिवस. पुढे एक माणूस स्पंजचं मोठं लाल हृदय अंगात घालून धावतो, हात बाहेर, पाय बाहेर, डोक्यावर निळ्या-लाल नळ्या. ते सोंग दादाच्या बायकोने शिवलेलं आणि आत कायम दादा. दुसरं कोण घालणार? गेल्या वर्षी शेवटी शेवटी तो कडेला बसला होता. विचारलं तर म्हणाला, स्पंजमुळे उकडलं. ऑफिस वरच्या मजल्यावर, लिफ्टचं काही खरं नसतं. जिन्यात हा मध्येच थांबायचा आणि चपलेचा बंद नीट करायचा. चपलेला बंदच नव्हता, हे मी बघितलं होतं. कागदाचे गठ्ठे उचलताना एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून खाली टेकला. वय झालं ताई, खुर्चीने खाल्लं आपल्याला, म्हणाला. मी पण हसले. सगळेच हसलो.

यंदा एक नवी मुलगी आली डॉक्टरेटला. तिला सगळे शंकेखोर म्हणतात, कारण तिला कुणी वेळ सांगितली तरी ती घड्याळ बघते. सगळे दादाने विणलेली तयार जाळी घेऊन पुढे जायचे. ही म्हणाली, मूळ फोटो कुठे आहेत? इतक्या वर्षांत कुणी उघडले नव्हते. तिने उघडले, आणि तिला दिसलं की मूळ फोटोत हृदयाची मधली भिंत, म्हणजे डाव्या आणि उजव्या कप्प्यांच्या मधली, वरच्या बाजूला चांगली फुगलेली आहे. जाळीत मात्र तीच भिंत सपाट. ती सरांकडे गेली. सर म्हणाले, माणूस मशीनमध्ये हलला असेल, फोटो बिघडलाय. ही गप्प बसेल तर शंकेखोर कसली? तिने नाव न सांगता फोटो एका हृदयाच्या डॉक्टरला दाखवले. खऱ्या डॉक्टरला, माणसं तपासणाऱ्या. तो म्हणाला, फोटो काही बिघडलेला नाही. या माणसाला आजच्या आज बोलवा, धावपळ बंद करायला सांगा, आणि मुलंबाळं असतील तर त्यांनाही तपासा, हे घराण्यात उतरतं. असली माणसं चालता बोलता जातात.

दौड रविवारी होती. दादाच्या मुलीचंही नाव होतं, लहान मुलांच्या गटात.

सरांनी तातडीने बैठक बोलावली. एवढं तरी केलं, असं मला आधी वाटलं. सर, संस्थेच्या नीतिसमितीच्या बाई, कायदा बघणारे एक गृहस्थ, शंकेखोर, आणि कोपऱ्यात मी, कोण काय बोललं ते टिपून घ्यायला. मला वाटलं, दोन मिनिटांत उठतील आणि सांगतील त्याला. सुरुवातच झाली ती या प्रश्नाने, की आदर्शवर निघालेल्या सगळ्या पेपरांचं आता काय करायचं. निरोगी म्हणून जगाला दिलेलं हृदयच रोगी निघालं, तर जगात तोंड कसं दाखवायचं? त्यावर बराच वेळ गेला. मग नीतिसमितीच्या बाईंनी नियम काढला. फाइलवर नाव नाही. नाव नाही म्हणजे हे हृदय कुणाचं आहे हे संस्थेला माहीत नाही. माहीत नाही तर कळवणार कुणाला? आणि कुणी कळवलंच, तर त्याला नाव माहीत होतं असा अर्थ होतो, म्हणजे त्याने गुप्तता मोडली. कायदेवाले गृहस्थ म्हणाले, अगदी बरोबर. त्या माणसाच्याच भल्यासाठी तो नियम आहे.

हे सगळं चाललं तेव्हा तो माणूस दाराबाहेर प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढत होता. काचेतून त्याची पाठ दिसत होती. सगळ्यांना दिसत होती. नीतिसमितीच्या बाई त्या दिशेला बघायचंच नाही असं ठरवून छताकडे बघत बोलत होत्या.

टिपून घेणाऱ्याने बोलायचं नसतं. मी बोलले.

"रविवारी दादा धावणार आहे, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "त्याचा इथे काय संबंध?" ते म्हणाले.

शंकेखोरने तोंड उघडलं तर तिला सांगण्यात आलं की तिची फेलोशिप अजून पक्की झालेली नाही. मलाही सांगण्यात आलं की बैठकीतलं अक्षर बाहेर गेलं तर माझी नोकरी गेली. शेवटी ठरलं काय? तर एक उपसमिती नेमायची, आणि हा प्रश्न नीट अभ्यासायला डॉक्टरेटची एक नवी जागा काढायची. तीन वर्षांची. सर एकदम खुलले. म्हणाले, संकटातून संधी निर्माण करणं यालाच संशोधन म्हणतात. विषयाचं नाव त्यांनी तिथल्या तिथे तयार केलं आणि माझ्याकडे देऊन म्हणाले, नेहमीप्रमाणे खाली चार ओळी टाका आणि आजच वेबसाइटवर चढवा.

नेहमीप्रमाणे. हा शब्द त्यांच्याच तोंडचा, विसरू नका.

तुम्ही म्हणाल, सरळ जाऊन सांगायचं ना त्याला, नोकरी गेली चुलीत. माझ्या मनात तेच होतं. पण मी दादाला ओळखते. मी सांगितलं असतं तर हा हसला असता, आणि खात्री करायला सरांकडेच गेला असता. सरांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं असतं, अरे तू हलला होतास तेव्हा. आणि याने मान डोलावून रविवारी स्पंज अंगात घातला असता. सरांवर त्याचा असा विश्वास की स्वतःच्या छातीवरही नाही. त्याला पटायचं तर त्याच्याच तोंडून यायला हवं होतं. म्हणून मी स्टूल ओढलं.

शुक्रवारची दुपार होती. शेजारच्या खुर्चीत स्पंजचं हृदय बसवून ठेवलं होतं, एक नळी निसटली होती तिला तो टाके घालत होता. मी वरचं विषयाचं नाव हाताखाली झाकलं आणि मजकुरातल्या पहिल्या कठीण शब्दावर बोट ठेवलं. मधल्या भिंतीची असममित वाढ. म्हणजे काय?

समजावून सांगायचं म्हटलं की याची कळी खुलते. सुई स्पंजात टोचून ठेवली, आणि मला सांगायला लागला की हृदयात मधे एक भिंत असते, ती सगळीकडे सारखी हवी. काही जणांत ती वरच्या बाजूला जाड होते, नेमकी रक्त बाहेर पडायच्या वाटेवर. दाराच्या तोंडाशी कपाट सरकून आल्यासारखी. एरवी चालून जातं, घाई झाली की अडतं.

मी म्हटलं, म्हणजे त्या माणसाला होतं काय?

तो म्हणाला, बसल्या जागी काहीच होत नाही, तीच तर पंचाईत. जिना चढताना धाप लागते. छातीत आवळतं. ओझं उचललं, धावलं, तर डोळ्यांपुढे अंधारी येते. माणसाला वाटतं आपलं वय झालं. इथे त्याचा आवाज जरा हळू झाला. मी वर बघितलं नाही. पुढच्या शब्दावर बोट ठेवलं. आनुवंशिक. म्हणजे काय?

"म्हणजे घरात असतं," दादा म्हणाला. "आई-वडिलांकडून येतं. पुष्कळदा कळत पण नाही. एखादा धडधाकट माणूस काहीतरी ढकलत असतो, ओढत असतो, आणि..."

तो थांबला. माझा हात अजून कागदावरच होता. त्याने तो माझ्या हाताखालून हळूच ओढून घेतला आणि वरचं नाव वाचलं. 'आदर्श हृदयाच्या मूळ प्रतिमांमधील मध्यभित्तीच्या असममित वाढीचे पुनर्मूल्यांकन.' परत वाचलं. मग कॉम्प्युटरकडे वळून त्याने ते मूळ फोटो उघडले, एकेक चकती, वरून खाली. एका चकतीवर थांबला आणि तिथे बोट टेकवलं.

"ही मला माहीत आहे, ताई," तो म्हणाला. "मीच घासून काढली होती ही."

मग त्याने मला साध्या भाषेत सांगितलं, मला एकदाही म्हणजे काय विचारावं लागलं नाही. जाळी विणून झाली होती, पण हृदय चालेना. दर वेळी याच जागी गणित फिसकटायचं, आकडे भलतीकडे पळायचे. आठवडेच्या आठवडे गेले. सर म्हणाले, निरोगी हृदयात असा फुगवटा नसतो, तू हलला असशील, सपाट कर. याला आठवत होतं की आपण हललो नव्हतो. श्वाससुद्धा सांगतील तेव्हाच घेतला होता. पण सर म्हणतात म्हणजे हललो असू. एका दुपारी माऊस हातात धरून याने स्वतःच्या हृदयातली ती जागा कणाकणाने गुळगुळीत केली. आणि चाललं की हो हृदय! पहिल्या फटक्यात चाललं. सरांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. मला तो दिवस आठवतो, हा नुसता तरंगत होता. आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस म्हणून त्याने बायकोला लग्नानंतर सांगितला होता.

मला रडू येत होतं आणि संतापही येत होता, आणि दोन्ही एकदम करता येत नाही म्हणून मी पाणी आणायला गेले. परत आले तर तो फोनवर बायकोशी बोलत होता. रविवारी मुलीला धावायला पाठवायचं नाही, एवढंच सांगत होता, परत परत. स्वतःचं नाव त्याने काढलंच नाही.

निघायच्या आधी त्याने जाहिरातही चढवली. सांगितलेलं काम अर्धवट टाकून जाईल तर तो दादा कसला? चार ओळी आम्ही दोघांनी मिळून लिहिल्या. 'एका माणसाच्या हृदयात दोष होता. तो फोटोत स्वच्छ दिसत होता. गणित सुटत नव्हतं म्हणून तो पुसून टाकला. हे कसं झालं ते शोधायला तीन वर्षांसाठी एक विद्यार्थी हवा आहे.' यात नाव कुणाचंच नाही, बैठकीतलं एक अक्षर नाही. नियमात बसत होतं सगळं.

शनिवारी सकाळी आम्ही हॉस्पिटलात. तो, बायको, आणि त्याला ओझं उचलू द्यायचं नाही म्हणून त्याची पिशवी धरून मी. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, रिपोर्ट बघता बघता त्यांनी सहज विचारलं, कुठे काम करता? हा म्हणाला, हृदयावर संशोधन करणाऱ्या संस्थेत. त्यांनी मान वर केली. किती वर्षं? याने सांगितलं. त्या परत रिपोर्टकडे वळल्या. त्याच्या बायकोने मात्र पहिल्यांदा नवऱ्याची थट्टा केली नाही. ती त्याची वर असलेली बाही खाली ओढून सारखी करत बसली. त्याला तिथेच ठेवून घेतलं. गोळ्या सुरू झाल्या, आणि गळ्याच्या हाडाखाली एक छोटं यंत्र बसवायचं ठरलं, हृदय बंद पडायला लागलं तर आतूनच झटका देणारं. तसलाच झटका, जो आमची पोरं आदर्शला रोज सकाळी देत होती.

रविवारी दौड झाली. स्पंजच्या आत शिरायला कुणी तयार होईना, पाहुणे तर येऊन उभे. शेवटी सरांना घालावं लागलं. शंकेखोरने मला फोनवर व्हिडिओ पाठवला. पहिल्या वळणापर्यंत सर बरे धावले, नंतर चालले, आणि मग रस्त्याच्या कडेला बसले, डोक्यावरच्या निळ्या-लाल नळ्या तोंडावर आलेल्या. तो व्हिडिओ मी अजून पुसलेला नाही.

सोमवारी सर हॉस्पिटलात आले. हातात फुलं, कपाळावर आठ्या. जाहिरातीच्या चार ओळी आपण सोडून सगळ्या जगाने वाचल्या हे त्यांना त्या सकाळी कळलं होतं. पण बोलायला जागा नव्हती. मजकूर त्यांनी दिलेला, चढवा त्यांनीच सांगितलेलं, नेहमीप्रमाणे. आणि अर्जांचा तर पाऊस पडला होता. इतके अर्ज संस्थेला कधी आले नव्हते. त्यामुळे रागवावं की खूश व्हावं, हे त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं.

फुलं ठेवून ते खुर्चीत बसले. तब्येत विचारली, चांगली दोनतीन मिनिटं विचारली. मग खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, यंत्र बसवलं की एमआरआयचे फोटो पहिल्यासारखे स्वच्छ येत नाहीत, तेव्हा त्याआधी एकदा परत फोटो काढायला हवेत. इतक्या वर्षांच्या अंतराने एकाच माणसाचं हृदय जगात कुणाकडे नाही. तुझा प्रबंधसुद्धा यातून मार्गी लागेल बघ, एक शेवटचं प्रकरण. पुढच्या वर्षी.

दादाची बायको उठून उभी राहिली. दादाने तिला हाताने बसवलं. मला वाटलं, झालं, आता हा नेहमीसारखा हो म्हणणार.

"अर्ज करा, सर," दादा स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला. "जागा एकच आहे. मुलाखत घेऊन कळवतो."

सरांना वाटलं हा थट्टा करतोय. त्याच्या तोंडाकडे बघून कळलं की नाही. बैठक आहे म्हणून ते उठून गेले. फुलं बायकोने शेजारच्या खाटेवरच्या बाईंना देऊन टाकली.

दादाच्या हृदयावरची ती जागा शेवटी शंकेखोरला मिळाली. यंत्र बसवायच्या आधी दादा परत मशीनमध्ये झोपला, तिच्यासाठी. अट एकच घातली, की जे दिसेल ते तसंच ठेवायचं, गणित सुटो न सुटो. अजून सुटलेलं नाही, रोज फिसकटतं. ती पोरगी रोज सकाळी येऊन शांतपणे परत बसते. दादा परत प्रिंटर दुरुस्त करतो. उपसमितीची पहिली बैठक अजून व्हायची आहे.

पण मला सांगायचंय ते दादाच्या मुलीचं. तिचीही तपासणी करायची होती. तो दिवस मी कधी विसरणार नाही. ती आत मशीनमध्ये, आम्ही तिघं बाहेर बाकावर. बायकोने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखत होती. दादा ताठ बसला होता, जणू आपण हललो तर आतला फोटो बिघडेल. तपासणी झाली, तीच डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या. मुलगी अगदी ठणठणीत आहे म्हणाल्या, आता काही वर्षांनी परत बघू. आम्हाला आत नेऊन बसवलं आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. सुंदर चित्र होतं. मधली भिंत एकसारखी, कुठे म्हणून उंचवटा नाही, सगळं कसं गुळगुळीत. बायकोने हात जोडले. माझे तर डोळेच भरून आले.

दादा खूश झाला नाही. त्या चित्राकडे बघता बघता त्याचा चेहरा उतरत गेला. असं गुळगुळीत हृदय त्याने आयुष्यभर पाहिलं होतं.

त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं, हे कॉम्प्युटरने नीटनेटकं करून दाखवलेलं चित्र आहे का? त्या म्हणाल्या, हो, तसंच दाखवतात, बघायला सोपं जातं. तो म्हणाला, मला मूळ फोटो बघायचे आहेत. त्यांना बाहेर पेशंट होते. त्या म्हणाल्या, अहो, मी बघितलेत ना, मी सांगतेय ना. आजवर कुणी एवढं म्हटलं असतं तर हा मान डोलावून उठला असता. हा उठला नाही. शेवटी त्यांनी उघडून दिले आणि त्या बाजूला झाल्या.

तो पुढे वाकला. एकेक चकती, वरून खाली. मुलगी येऊन त्याच्या खांद्याला टेकून उभी राहिली, बूट हातातच होते तिच्या. शेवटची चकती झाली, तो परत वर गेला आणि परत सगळ्या बघितल्या, बोट लावून लावून. मग त्याने चष्मा काढला आणि मुलीला जवळ घेतलं.

"पुसलेलं काही नाही," तो बायकोला म्हणाला. "खरंच नाहीये."